कुवारबावची हद्द

रत्नागिरी शहरातून मिऱ्या-नागपूर महामार्गाने बाहेर पडलं आणि साळवी स्टॉप मागे टाकला, की थोड्याच वेळात नगरपरिषदेची हद्द संपते आणि ग्रामपंचायतीचा मुलूख सुरू होतो. रस्त्यावरून जाताना हे कळत नाही. दुकानांची रांग तुटत नाही. हार्डवेअर, कापड, मोबाइल, मिठाई, औषधं सगळं तसंच पुढे चालू राहतं. कुवारबावच्या दुकानात तांदूळ ज्या भावाने मिळतो, त्याच भावाने तो मारुती आळीतही मिळतो. पण दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या पगाराचा कायदेशीर तळ मात्र या हद्दीवर बदलतो.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०१९ मध्ये दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी किमान वेतनाचे नवे दर जाहीर केले. त्यात राज्याची तीन परिमंडळं केली होती. महानगरपालिका, कटक मंडळं आणि त्यांच्यालगतचे औद्योगिक पट्टे पहिल्यात, ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या नगरपरिषदा दुसऱ्यात, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र तिसऱ्यात. अकुशल कामगाराचं महिन्याचं मूळ वेतन पहिल्या परिमंडळात १०,०२१ रुपये, दुसऱ्यात ९,४२५ आणि तिसऱ्यात ८,८२८ ठरलं. त्यावर महागाईप्रमाणे वाढणारा विशेष भत्ता वेगळा.

आता हे रत्नागिरी जिल्ह्याला लावून पाहू. जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही, म्हणजे पहिलं परिमंडळ इथे नाहीच. रत्नागिरीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती आणि चिपळूणची सुमारे ५५ हजार. चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपरिषदा ‘ब’ वर्गात मोडतात, म्हणून ही दोन शहरं दुसऱ्या परिमंडळात येतात. खेड आणि राजापूर या नगरपरिषदा असल्या, तरी लहान, ‘क’ वर्गाच्या. दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, मंडणगड या नगरपंचायती. हे सगळं तिसऱ्यात. कुवारबाव, मिरजोळे, नाचणे, शिरगाव ही रत्नागिरीला चिकटलेली गावंही तिसऱ्यातच. हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दुकानातल्या मदतनिसाच्या मूळ वेतनात महिन्याला ५९७ रुपयांचा फरक पडतो, २६ दिवसांनी भागलं तर रोजाचे जवळपास तेवीस रुपये. दोघं एकाच वाडीतून आलेले असू शकतात, एकाच एसटीने.

परिमंडळांमागचा युक्तिवाद खोटा नाही. मुंबईत खोलीचं भाडं पगाराचा मोठा लचका तोडतं, गावात बहुतेकांना स्वतःचं घर असतं. पण वेतनाची रेषा नगरपालिकेच्या वर्गावरून आखली जाते आणि तो वर्ग लोकसंख्येवरून ठरतो. माणूस कुठे राहतो, काय भावाने खातो, दवाखान्यासाठी किती लांब जातो, याचा त्या वर्गवारीशी संबंध नाही. रत्नागिरीत भाजी येते ती आंबा घाट उतरून कोल्हापूरकडून, चिपळुणात कुंभार्ली घाट उतरून कराडकडून. घाटाचं भाडं भाजीच्या भावात चढतंच. खोलीभाडं स्वस्त म्हणून वेतन कमी धरायचं, तर महाग भाजी आणि लांबचं इस्पितळ यांसाठी ते वाढवायलाही हवं होतं. तेवढं मात्र हिशेबात धरलेलं दिसत नाही.

महागाई मोजायची पद्धतही याच वळणाची आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो काढतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत देशभरातली ८८ केंद्रं आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशी कारखानदारीची शहरं त्यात आहेत, रत्नागिरी नाही. राज्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, निर्देशांक पाहून ठरतो. म्हणजे मिरकरवाड्याच्या बाजारात बांगडा कितीला गेला, आगोटीची भरणी करताना घरात किती पैसे लागले, याची नोंद त्या आकड्यात कुठेच नसते. रत्नागिरीच्या कामगाराची महागाई दुसऱ्या शहरांच्या बाजारात मोजली जाते.

किमान वेतनाचा कायदा मुळात कुणासाठी केला, हे पाहिलं की त्याचे सांधे नीट दिसतात. किमान वेतनाचं विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. बालपणी काही काळ त्यांचं वास्तव्य दापोलीत होतं. या जिल्ह्यातल्या खोतीविरुद्ध त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. खोत कुळांकडून धान्य घेई, आणि वर वेठही घेई. कुळाने खोताच्या शेतात फुकट राबायचं, त्याचा भारा वाहायचा. फुकटच्या श्रमाशी ज्याने लढा दिला, त्यानेच पुढे देशाच्या पातळीवर मजुरीला तळ बांधणारं विधेयक मांडलं. मी या दोन गोष्टी वेगळ्या मानू शकत नाही. स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम मजूरमंत्री असताना, मार्च १९४८ मध्ये, त्याचा कायदा झाला.

कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत तेव्हा गालिचे, विडी, भातगिरण्या, तेलगिरण्या, दगडफोड, रस्ते-बांधकाम, चामडं कमावणं असे उद्योग होते, आणि दुसऱ्या भागात शेती. कापडगिरण्या नव्हत्या. रत्नागिरीतून गिरणगावात गेलेल्या हजारो कामगारांच्या मागे तोपर्यंत युनियन उभी होती, संपांचा इतिहास होता, औद्योगिक न्यायालयाचे निवाडे होते. हा कायदा ज्यांना मालकासमोर बसून भाव करता येत नाही त्यांच्यासाठी होता. म्हणून त्याने सर्व देशाला एक आकडा दिला नाही. उद्योग निवडायचे, प्रत्येकाला समिती नेमून किंवा दराचा मसुदा छापून हरकती मागवून दर ठरवायचे, आणि हे काम राज्यांनी करायचं. भर पडत पडत महाराष्ट्राची यादी ६७ रोजगारांवर गेली. प्रत्येकाला कुशल, अर्धकुशल, अकुशल असे स्तर, आणि बहुतेकांना परिमंडळं. एका राज्यात किमान वेतनाचे शेकडो दर तयार झाले ते असे.

दर पाच वर्षांच्या आत फेरविचार झाला पाहिजे, असं त्याच कायद्यात म्हटलं होतं. दुकानांचे २०१९ आधीचे दर २०१० चे होते. त्यात कुशल कामगाराला पहिल्या परिमंडळात ५,८०० रुपये मूळ वेतन होतं, ते एकदम ११,६३२ झालं. नऊ वर्षं हा आकडा जागचा हलला नव्हता, आणि तेवढ्या काळात विशेष भत्त्याच्या ठिगळांवर भागवलं गेलं. उद्योगाउद्योगांतली तफावत बरीचशी अशीच जन्माला आली. एका उद्योगाची समिती वेळेवर बसे, दुसऱ्याची फाइल पडून राही, आणि दोन शेजारच्या शेडमधल्या दोन अकुशल माणसांचे दर वेगळे होत. त्यांच्या कामात फरक नसे, अधिसूचनेच्या तारखेत असे.

आता परत कुवारबावला येऊ, कारण तिथेच जवळ रत्नागिरीचं रेल्वे स्थानक आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वे, खाणी, मोठी बंदरं आणि केंद्राचे उपक्रम यांचं किमान वेतन राज्य ठरवत नाही, केंद्र ठरवतं. म्हणून फलाट झाडणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला केंद्राचा दर लागू, आणि स्थानकाबाहेरच्या दुकानातल्या माणसाला राज्याचा. केंद्राचीही तीन क्षेत्रं आहेत, अ, ब, क. रत्नागिरी ‘क’ मध्ये. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राने बांधकाम आणि साफसफाईतल्या अकुशल कामगाराचा रोजाचा मूळ दर ‘क’ क्षेत्रात ३५०, ‘ब’ मध्ये ४३७ आणि ‘अ’ मध्ये ५२३ रुपये ठरवला. महागाई भत्ता धरून ऑक्टोबर २०२४ पासून ‘अ’ क्षेत्रातला तोच दर ७८३ झाला. राज्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या परिमंडळातलं अंतर तेरा-चौदा टक्क्यांचं, केंद्राच्या ‘क’ आणि ‘अ’ मधलं जवळपास पन्नास टक्क्यांचं. मोठं शहर किती महाग असतं, या एकाच प्रश्नाला दोन सरकारांनी इतकी वेगळी उत्तरं दिली आहेत.

बंदरांचंही तसंच. न्हावाशेवा हे मोठं बंदर, म्हणून केंद्राच्या अखत्यारीत. जयगडच्या खाडीमुखावरचं बंदर कितीही मोठी जहाजं लावून घेत असलं, तरी कायद्याच्या भाषेत ते ‘मोठं बंदर’ नाही. तिथे ओझं उचलणाऱ्याला राज्याचा दर.

केंद्राच्या त्याच २०१७ च्या दरपत्रकात शेतीचा रकाना पाहण्यासारखा आहे. शेतीतल्या अकुशल मजुराला ‘अ’ क्षेत्रात ३३३, ‘ब’ मध्ये ३०३, ‘क’ मध्ये ३००. म्हणजे ‘अ’ क्षेत्रात राहणाऱ्या दोन अकुशल माणसांपैकी एकाने फावडं बांधकामावर मारलं तर ५२३, शेतात मारलं तर ३३३. भाडं एकच, बाजार एकच, पोटही तेवढंच, आणि फरक १९० रुपयांचा. प्रदेशामुळे पडणाऱ्या फरकाला निदान भाड्याचं कारण तरी देता येतं. या फरकाला मला एकच कारण दिसतं, शेतीला अधिक देणं परवडत नाही ही मालकाची बाजू. सर्वोच्च न्यायालयाने ती बाजू १९६१ मध्येच उनिचोयी खटल्यात नाकारली होती. केरळातल्या कौलांच्या कारखानदारांचं म्हणणं होतं, की हे दर आम्हाला झेपणारे नाहीत. न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते. जो धंदा एवढंही देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. शेतीच्या बाबतीत हे तत्त्व आजही कागदावर आहे.

मग किमान म्हणजे किती? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने त्याचं माप दिलं होतं. कमावता माणूस आणि त्याचं कुटुंब मिळून तीन उपभोग-एकक, प्रत्येकाला दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. २०१९ मध्ये अनूप सत्पथी समितीने हे माप नव्याने मांडलं. उष्मांक २,४०० केले, पण प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थही मोजले, आणि कुटुंब ३.६ एककांचं धरलं. त्यातून देशासाठी रोजाला ३७५ रुपयांचा आकडा निघाला. प्रदेशवार धरायचं तर देशाचे पाच गट, सर्वांत खालचा ३४२ आणि वरचा ४४७. महाराष्ट्र ज्या गटात बसवला त्याला ४१४. त्या वेळी केंद्राचा राष्ट्रीय तळ १७६ रुपयांवर होता आणि त्याला कायद्याचं बळही नव्हतं.

या मापात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की यात सुरुवात माणसाच्या ताटापासून होते. मंडणगडच्या बाईला लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबायला किती भात लागतो, हे तिची ग्रामपंचायत आहे की नगरपंचायत यावर ठरत नाही. भाड्याचा भाग प्रदेशाप्रमाणे जरूर बदलावा. अन्नाचा, औषधाचा, शाळेचा भाग तसा बदलायला मला आधार दिसत नाही.

रोजगार हमीची गोष्ट आणखी वेगळी. हमी मूळ महाराष्ट्राची, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९९० पासून फळबाग लागवडीला तिची जोड मिळाली आणि कोकणच्या सड्यांवर हापूसची कलमं आणि काजू उभे राहिले, त्यात या योजनेच्या मजुरीचा मोठा हात आहे. २००५ नंतर केंद्राचा कायदा आला आणि मजुरी केंद्र ठरवू लागलं. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर रोजाला ३१२ रुपये, गोव्याचा ३७८, कर्नाटकाचा ३७०. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्याच मातीत तोच खड्डा खणण्याचे ६६ रुपये जास्त. गोव्यात महागाई एवढी जास्त आहे का? खरं कारण हिशेबात आहे. राज्याराज्याचे जुने दर पाया धरून त्यावर शेतमजुरांच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी टक्केवारीने वाढ दिली जात आली. पाया ज्याचा खाली, त्याची वाढही लहान. एकदा मागे राहिलेलं राज्य या पद्धतीने सहसा पुढच्याला गाठू शकत नाही.

बाजारातली मजुरी या सगळ्यापासून अलग चालते, आणि रत्नागिरीत तर फारच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी जवळपास पाच टक्क्यांनी घटली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. तरणे पुरुष मुंबईला जातात, म्हणून इथे गडी मिळत नाही अशी बागायतदाराची तक्रार कायमची. कलमांची राखण आणि काढणी नेपाळहून आलेली माणसं करतात, होडीवर खलाशी म्हणूनही तीच. पुरुषाचा रोज म्हणूनच सरकारी तळाच्या वर राहतो. त्याला किमान वेतनाची अधिसूचना वाचावी लागत नाही. गडी दुर्मीळ झाला की भाव आपोआप चढतो. केरळात हे टोकाला गेलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१-२२ मध्ये केरळात ग्रामीण शेतमजुराचा सरासरी रोज ७२६ रुपयांच्या वर होता, मध्य प्रदेशात २१८ च्या आत. केरळात परदेशगमन, संघटना आणि शिक्षण या सगळ्यांनी मिळून मजुरी वर नेली.

त्याच केरळातला काजूचा अनुभव रत्नागिरीने समजून घ्यावा असा आहे. कोल्लमच्या काजू कारखान्यांत पन्नाशीच्या दशकात किमान वेतन लागू झालं, तेव्हा मालकांनी काम हद्दीपलीकडे हलवायला सुरुवात केली, किंवा घरोघरी वाटून दिलं. काजू फोडणाऱ्या बायकांचं काम गेलं आणि पलीकडच्या बायकांना ते कमी पैशात मिळालं. प्रदेशवार दरांचं हे सर्वांत जुनं दुखणं. दोन शेजाऱ्यांचे तळ वेगळे असले, की काम उताराकडे वाहतं. जपानमध्ये ४७ प्रांतांना ४७ दर आहेत. २०२४ मध्ये टोकियोत तासाला १,१६३ येन आणि अकितात ९५१ होते, आणि तरुण माणसं तिथल्या खेड्यांतून शहरांकडे निघून जातात ही तिथली चिंता आहे. जर्मनीने २०१५ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा भेद न करता तासाला साडेआठ युरो असा एकच दर लावला. वेतन संहितेतून भारताने मधली वाट धरली. २०१९ चा हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. केंद्राने एक तळ ठरवायचा, राज्यांनी त्याच्या खाली जायचं नाही. उद्योगांची अनुसूची गेली, म्हणजे यादीत नाव नाही म्हणून कुणी बाहेर राहणार नाही. कौशल्य आणि भौगोलिक प्रदेश हे दोन आधार राहिले. राज्यांना परिमंडळं आखता येतीलच. ती कशी आखायची, लोकसंख्येच्या वर्गावरून की खर्चाच्या पाहणीवरून, हा प्रश्न त्यामुळे अजून खुला आहे.

पण ज्यांना कायद्याच्या तळाची खरी गरज आहे, त्या रत्नागिरीच्या बायका बहुधा रोजावर नसतातच. त्या काजूगर सोलतात, मासळी निवडतात, कोळंबी सोलतात, आणि पैसे मिळतात किलोवर. इथे परिमंडळ कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी किलोचे पैसे आणि दिवसाचं वेतन यांचा मेळ घालावा लागतो. साधारण वेगाने दिवसभर काम करणाऱ्या बाईच्या हातून जेवढे किलो निघतात, त्यांचे पैसे दिवसाच्या किमान वेतनाएवढे झाले नाहीत, तर किलोचा दरच कायद्याखाली आहे. संजित रॉय खटल्यात हेच घडलं होतं. राजस्थानात दुष्काळी कामावर वीस-वीस जणांच्या टोळीचं काम मोजून पैसे दिले जात, आणि माणशी हाती यायचं ते तेव्हाच्या सात रुपये रोजापेक्षा कमी. १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मना केलेली वेठ आहे, मग माणूस आपण होऊन कामाला आलेला असला तरी.

जुन्या कायद्यात कमी मिळालेल्या वेतनाचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागे. शेडमधल्या कामगाराला हंगाम संपेपर्यंत तोंड उघडायची सोय नसते, आणि हंगाम संपला की मुदतही संपत आलेली असे. वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षांची आहे, आणि पूर्ण पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तरीही किलोवरच्या कामात हिशेब उभा करायला लागतो तो रोज किती तास बसलो आणि किती किलो निघालं याचा. मुकादमाच्या वहीत नुसते किलो लिहिलेले असतात, तास नसतात. म्हणून तासांची नोंद बायकांनी स्वतःच्या वहीत ठेवली पाहिजे, एकीने सगळ्यांची ठेवली तरी चालेल, आणि ती घेऊन रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात दावा दाखल करता येतो.